‘तुझ्यावाचून माझं छान चाललंय’ : एका कमी ऐकल्या गेलेल्या जॅझ गाण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की मी घरी आलेल्या मित्रमंडळींना एक गाणं हमखास ऐकवतो. गाणं इंग्रजी आणि जुनं, ऐंशी वर्षांहून अधिक वयाचं. ऐकून झाल्यावर दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक तेच ते असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

गाणं नेमकं कोणतं?

‘आय गेट अलाँग विदाउट यू व्हेरी वेल’. छापील प्रतीवर याच्यापुढे कंसात आणखी दोन शब्द असतात : ‘एक्सेप्ट समटाइम्स’. म्हणजे, तुझ्यावाचून माझं छान चाललंय, अधूनमधून सोडलं तर. कंसातले ते दोन शब्द बरेच जण गाळतात, पण सगळं गाणं तिथेच आहे. संगीत होगी कारमायकल या अमेरिकी संगीतकाराचं. गाणं लोकांपुढे आलं १९३९ साली.

एवढी नावाजलेली गायक मंडळी हे गायली, मग याला कमी ऐकलेलं कसं म्हणता?

जॅझच्या वर्तुळात ते माहीत आहे, हे खरं. पण कारमायकल म्हटलं की लोकांना ‘स्टारडस्ट’ आठवतं, फार तर ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’. आपल्याकडे जॅझ ऐकणाऱ्यांतही हे गाणं नावानिशी ओळखणारे मला थोडेच भेटले. आणि गाणं माहीत असलेल्यांनाही त्यामागची बाई सहसा माहीत नसते. हे सगळं लिहायला बसलो तो मुख्यतः तिच्यासाठी.

अशा गाण्याला ‘जॅझ-पॉप बॅलड’ म्हणतात, ते म्हणजे काय? बॅलड म्हणजे पोवाडा ना?

शाळेत बॅलड म्हणजे पोवाड्यासारखं कथागीत असं शिकवतात आणि जुन्या इंग्रजी लोकगीतांपुरतं ते बरोबर आहे. पण विसाव्या शतकातल्या अमेरिकेत नाटक-सिनेमा-रेडिओच्या गाण्यांत हा शब्द संथ लयीतल्या हळव्या गाण्यासाठी रुळला. या गाण्यांच्या चाली जॅझवाल्यांनी उचलल्या, आपापल्या परीने खुलवल्या. लोकप्रिय गाणं आणि जॅझ यांच्या मधली ही गल्ली आहे. प्रेम तुटलंय पण मनातून जात नाही अशा गाण्यांना तिथे ‘टॉर्च साँग’ म्हणतात. एखाद्यासाठी मनात मशाल धरून बसणं, असा त्यांचा वाक्प्रचार आहे. आपलं गाणं त्याच घराण्यातलं. फरक एवढाच की बाकीची गाणी उघड रडतात आणि हे मात्र ‘मला काही झालेलं नाही’ असं सांगत बसतं.

शब्द कुणाचे?

खरी गोष्ट इथून सुरू होते.

१९२० च्या दशकात कारमायकल अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकत होते. ब्लूमिंग्टन हे त्यांचं जन्मगाव, विद्यापीठही तिथलंच. कायद्याचा अभ्यास चालू होता, पण जीव सगळा पियानोत. तिथे कुणी ओळखीच्याने त्यांना एका साप्ताहिकातून कापलेली कविता दिली, याला चाल लाव म्हणून. कवितेचं नाव ‘एक्सेप्ट समटाइम्स’. १९२४ साली ‘लाइफ’मध्ये छापलेली. खाली कवीचं पूर्ण नाव नव्हतं, फक्त आद्याक्षरं : जे. बी.

कात्रण कागदांत पडून राहिलं. मधल्या काळात कारमायकल वकील झाले, वकिली सोडून संगीतात आले, ‘स्टारडस्ट’ने त्यांचं नाव झालं, १९३६ च्या सुमारास ते हॉलिवूडला स्थायिक झाले. इतक्या वर्षांनी ते कात्रण पुन्हा हाती लागलं आणि त्यांनी त्या शब्दांवरून गाणं केलं. आता अडचण अशी की गाणं बाहेर काढायचं तर ज्याचे शब्द आहेत त्याची परवानगी हवी. आणि हाती काय, तर दोन अक्षरं.

‘लाइफ’ म्हणजे ते मोठमोठ्या फोटोंचं साप्ताहिक?

नाही, हा घोटाळा नेहमी होतो. फोटोंचं ‘लाइफ’ १९३६ साली हेन्री ल्यूस यांनी काढलं. त्यासाठी त्यांनी जुन्या ‘लाइफ’कडून नाव विकत घेतलं. जुनं ‘लाइफ’ १८८३ पासून न्यूयॉर्कहून निघायचं आणि ते विनोद, व्यंगचित्रं, हलक्याफुलक्या कविता यांचं होतं. आपली कविता त्या जुन्या ‘लाइफ’मधली. म्हणजे शोध सुरू झाला तोवर ते नियतकालिकच बंद पडलेलं. संपादकाला पत्र टाकून विचारायचीही सोय नव्हती.

मग जे. बी. सापडले कसे?

वॉल्टर विन्चेल या त्या काळच्या अतिशय लोकप्रिय पत्रकाराला गळ घातली गेली. रेडिओवर त्यांचा आवाज देशभर घरोघरी पोचायचा. त्यांनी श्रोत्यांनाच विचारलं : ही कविता कुणाची, कुणाला ठाऊक आहे का? अखेर माग लागला फिलाडेल्फियात. जे. बी. म्हणजे जेन ब्राउन. लग्नानंतरचं नाव जेन ब्राउन थॉम्पसन. त्या विधवा होत्या.

पुढचं सांगताना दर वेळी माझा आवाज जरा खाली येतो. जानेवारी १९३९ मध्ये डिक पॉवेल या गायक-नटाने हे गाणं रेडिओवर पहिल्यांदा गायलं. त्याच्या आदल्या रात्री जेन ब्राउन थॉम्पसन वारल्या. पंधरा वर्षांपूर्वी छापलेली आपली कविता गाणं होऊन देशभर ऐकू येणार, आणि त्या एका रात्रीने मागे राहिल्या.

ही दंतकथा तर नाही? फारच नाट्यमय वाटते.

शंका रास्त आहे. गाण्यांच्या जन्मकथा नंतर रंगवल्या जातात, आपल्या नाट्यपदांच्याही जातात. पण या गोष्टीचे मुख्य सांधे पक्के आहेत : कविता छापलेली आहे, नाव सापडलेलं आहे, आणि आदल्या रात्रीच्या मृत्यूची नोंद या गाण्याच्या इतिहासात सगळीकडे येते. त्या बाईंनी ती कविता कुणाला उद्देशून लिहिली असले कल्पनेचे धागे मात्र मी जोडत नाही. तुम्हीही जोडू नका.

मूळ कविता आणि गाणं सारखंच आहे का?

नाही, आणि हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो. मूळ कविता छोटी आहे, दोनच कडव्यांची. पहिल्यात ती म्हणते, माझं छान चाललंय. फक्त रिमझिम पाऊस पडून झाडांवरून थेंब टपकायला लागले की आठवतं, दूर रानात धुक्यात आपण दोघं उभे होतो आणि चुंबन घेतलं होतं. दुसऱ्यात म्हणते, मी तुला विसरलेय; फक्त कुणी गाण्याची लकेर घेतली, कुणी तुझ्यासारखं हसलं, तुझं नाव कानावर पडलं की तेवढं सोडून. आणि शेवटाकडे एक शब्द येतो : ‘ऑलमोस्ट’. विसरलेय… जवळजवळ.

कारमायकल यांनी पाऊस ठेवला, टपकणारी पानं ठेवली, हसू आणि नावही ठेवलं. पण रान, धुकं आणि चुंबन काढून टाकलं. तिथे आलं ते कुणाच्या मिठीतलं आडोशाचं सुख. माझ्या मते यात गाणं मोठं झालं. धुक्यातलं चुंबन एका ठरावीक दिवसाचं, त्या दोघांचं. पावसातला आडोसा मात्र कुणाचाही असू शकतो. गाण्याची लकेर ऐकून आठवण येण्याचा भागही त्यांनी गाळला. कदाचित हे स्वतःच गाणं झाल्यावर तो उल्लेख नको वाटला असेल.

मग त्यांनी मधला नवा भाग घातला, जो कवितेत नाहीच. ‘मी कसला मूर्ख, चंद्राला फसवायला निघालो’ अशा अर्थाचं काही त्यात येतं. पुन्हा एकदा फोन करावा का, असं मनात येतं आणि नको म्हणून मागे घेतलं जातं. फोन! १९२४ च्या कवितेत धुकं होतं, १९३९ च्या गाण्यात टेलिफोन आला. गाण्याचा काळ बदलल्याची खूण म्हणून मला ती जागा फार आवडते. हात उचलला गेलाय आणि पुन्हा मांडीवर ठेवला गेलाय, असं डोळ्यांपुढे येतं.

शेवटही बदलला. ‘जवळजवळ’ हा कबुलीचा शब्द गेला आणि त्या जागी वसंत ऋतू आला. माझं सगळं ठीक आहे, फार तर वसंतात जरा… आणि मग तो स्वतःलाच अडवतो : वसंताचा विचारच करायला नको, काळीज फुटेल. थॉम्पसन यांची बाई शेवटपर्यंत तोल सांभाळते. कारमायकल यांच्या माणसाचा तोल अगदी अखेरच्या पायरीवर जातो. कोणतं श्रेष्ठ ते मी ठरवू शकत नाही. वाचायला बसलो की मला ‘जवळजवळ’ आवडतं, ऐकायला बसलो की वसंत.

होगी कारमायकल यांच्याबद्दल थोडं सांगाल?

जन्म २२ नोव्हेंबर १८९९. आई मूकपटांना आणि नाचाच्या कार्यक्रमांना पियानोची साथ करायची, तिच्या शेजारी बसून मुलगा शिकला. पुढे इंडियानापोलिसमध्ये रेजिनाल्ड डुव्हॉल या कृष्णवर्णीय पियानोवादकाकडून त्याने पुष्कळ घेतलं. बिक्स बायडरबेक हा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य) वाजवणारा त्यांचा जिवलग. बायडरबेक १९३१ साली अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. कारमायकल यांच्या चालींत वाद्याला सुचावीत अशी वळणं असतात ती त्याच्या संगतीतून आली, असं जाणकार सांगतात आणि मला ते पटतं. त्यांच्या बहुतेक गाण्यांचे शब्द दुसऱ्यांचे आहेत. १९५१ सालच्या एका चित्रपटगीतासाठी त्यांना गीतकार जॉनी मर्सरबरोबर ऑस्कर मिळालं. सिनेमात त्यांनी छोट्या भूमिकाही केल्या, बहुधा बारमध्ये पियानो वाजवणाऱ्या माणसाच्याच. ‘द लास वेगस स्टोरी’ या १९५२ च्या चित्रपटात ते आपलं हे गाणं गाताना दिसतात. २७ डिसेंबर १९८१ रोजी ते गेले. समाधी ब्लूमिंग्टनलाच आहे.

चाल शोपँवरून उचलली आहे म्हणतात?

शोपँ या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराच्या ‘फँटेसी-इम्प्रोम्प्टू’ या पियानोरचनेची छाया या चालीत आहे असं सांगितलं जातं. एकदा सांगितल्यावर ती मलाही ऐकू येते. त्याने गाण्याची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. एकाच रागात दहा चाली बांधलेल्या आपण आनंदाने ऐकतोच की.

आपल्या भावगीतासारखंच हे, नाही का?

बऱ्याच अंगांनी हो. आधी कविता छापून यायची, कुणाच्या तरी ओठांवर बसायची आणि मग तिला चाल मिळायची, हा भावगीताचा सरळ रस्ता. अमेरिकेतल्या त्या काळच्या गीतधंद्यात बरेचदा उलटं व्हायचं : चाल आधी आणि गीतकार त्यात शब्द बसवणार. हे गाणं कवितेतून उगवलं म्हणून त्याची ठेवण बोलण्यासारखी आहे. गायकाला आलाप घ्यावासा वाटत नाही, सांगावंसं वाटतं.

फरक मला नावाबाबत जाणवतो. आपल्या संतांनी अभंगात नाममुद्रा गुंफली. ‘तुका म्हणे’ शिवाय तो अभंग पुरा होत नाही. जनाबाईने ‘नामयाची जनी’ म्हणून स्वतःला शब्दांत बसवलं, म्हणून सातशे वर्षं कुणी ती काढू शकलं नाही. दुसरीकडे जात्यावरच्या ओव्या हजारो बायकांनी रचल्या, त्यांची नावं पिठाबरोबर उडून गेली. जेन ब्राउन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहेत. दोन अक्षरं ठेवून गेल्या, आणि नशीब की तेवढी तरी ठेवली.

कुणाचं ऐकावं?

१९३९ साली सर्वांत खपलं ते रेड नॉर्वो यांच्या वाद्यवृंदाचं, गायक टेरी ॲलन. नाचाच्या सभागृहासाठी केलेलं, नीटनेटकं. एकदा ऐकावं.

खरी सुरुवात करा चेट बेकरपासून. फेब्रुवारी १९५४, लॉस एंजेलिस. ट्रम्पेट वाजवणारा चोवीस वर्षांचा पोरगा गायला उभा राहिला. सोबत पियानोवादक रस फ्रीमन, आणि तो इथे सेलेस्टा वाजवतो. सेलेस्टा म्हणजे दिसायला छोट्या पियानोसारखं वाद्य, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या. आवाज लहान घंट्यांसारखा, लहान मुलाच्या चावीच्या खेळण्यासारखा. त्यावर बेकरचा कोरा, न थरथरणारा आवाज येतो. तो दुःख दाखवत नाही. अगदी शाळकरी प्रामाणिकपणे सांगतो, छान चाललंय माझं. आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला कळतं की नाही चाललेलं. ज्यांना मी हे गाणं ऐकवतो त्यांना आधी हेच ऐकवतो, दिवा मालवून.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये फ्रँक सिनात्रा यांनी ते गायलं, ‘इन द वी स्मॉल अवर्स’ या तबकडीवर. संयोजन नेल्सन रिडल यांचं. रात्री उशिरा जागा असलेल्या माणसाची सगळी तबकडी आहे. बेकर वीस-पंचविशीतला, तर हा माणूस चाळिशीचा. त्याला माहीत आहे की आपण खोटं बोलतोय आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत आहे.

मग बिली हॉलिडे ही गायिका. ‘लेडी इन सॅटिन’, १९५८, रे एलिस यांचं तंतुवाद्यांचं भरगच्च संयोजन. आवाज तोवर फाटलेला, चिरलेला. दीड वर्षाच्या आत, १७ जुलै १९५९ ला, चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. काही जणांना ही तबकडी ऐकवत नाही. आवाजाची ही अवस्था छापायला नको होती असंही मी ऐकलं आहे. मला तसं वाटत नाही. मागे व्हायोलिनं रेशमासारखी मऊ आणि पुढे हा खरखरीत आवाज. ‘छान चाललंय’ हे शब्द त्या आवाजात येतात तेव्हा गाण्याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

नीना सिमोन यांनी १९६९ च्या ‘नीना सिमोन अँड पियानो’ मध्ये ते एकटीने, स्वतःच्याच पियानोवर गायलं. स्वरांत रिकाम्या जागा इतक्या की खोलीतला पंखा ऐकू यावा. डायना क्रॉल यांचं २००१ चं ध्वनिमुद्रण मुलायम आहे, नव्याने ऐकणाऱ्याला सोपं जाईल.

एका संध्याकाळी सगळी ओळीने ऐकू नका. मी ते केलं होतं, चौथ्यापर्यंत गाणं बोथट झालं.

हे पुरुषाचं गाणं की बाईचं?

कविता बाईची, गाण्यातला मधला भाग पुरुषाच्या तोंडचा, आणि गायलं दोघांनीही. गायिका ‘मी कसला मूर्ख’च्या ओळीतला पुरुषवाचक शब्द आपल्या सोयीने बदलून घेतात, बाकी काही अडत नाही. माझा कान म्हणाल तर पावसाच्या ओळी मला बाईच्या आवाजात खऱ्या वाटतात आणि फोनची ओळ पुरुषाच्या. ती ज्याची त्याने लिहिली म्हणून असेल.

आपल्याकडचा पाऊस त्या पावसासारखा नाही. मग हे गाणं भिडतं कसं?

आपला पाऊस पत्र्यावर बडवतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ देत नाही, हे खरं. पण या गाण्यातला पाऊस पडत असलेला नाहीच मुळी, तो ओसरलेला आहे. सर थांबते, रस्त्यावर गाड्या पुन्हा सुरू होतात आणि खिडकीबाहेरच्या बदामाच्या रुंद पानावरून एकेक थेंब खालच्या पानावर पडत राहतो. टप्. बराच वेळ काही नाही. टप्. सर चालू असताना माणूस कामात असतो : कपडे काढ, खिडक्या लाव. आठवण येते ती नंतर, त्या थेंबांच्या वेळी. जेन ब्राउन यांनी हे नेमकं टिपलं होतं.

याचं मराठी करता येईल का?

मी प्रयत्न करून पाहिला आहे. पहिली ओळ जमते. अडतं ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘ऑफ कोर्स आय डू’पाशी. ‘अर्थातच’ म्हटलं तर सरकारी पत्र वाटतं. ‘नाहीतर काय!’ म्हटलं तर भांडण. ‘म्हणजे काय!’ जवळ जातं, पण त्यात एक ठसका येतो आणि मूळ शब्द तर मवाळ आहेत, स्वतःचीच समजूत काढणारे. परगावी राहणारा मुलगा फोनवर आईला ‘जेवलास का’ म्हटल्यावर ‘हो गं, जेवलो ना’ म्हणतो, त्यातला ‘ना’ मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘चाललंय ना छान.’ चालीत तो बसत नाही. अजून शोधतो आहे.

मला हे गायचं आहे. काय सांभाळू?

रडू नका. गाणाऱ्याने दुःख आधीच दाखवलं की शब्द खोटे पडतात, कारण शब्द म्हणतायत सगळं ठीक आहे. त्या माणसाला स्वतःचा मान राखायचा आहे. गायकाने तो राखू द्यावा. लय पडू देऊ नका. ‘एक्सेप्ट’ या शब्दाआधी अर्धा श्वास थांबा, जास्त नको. फोनची ओळ घाईत म्हणा, मनात आलेलं पटकन झटकावं तशी. आणि ‘स्प्रिंग’ हा शब्द आला की आवाज वाढवू नका. तिथे चाल आपण होऊन जे करायचं ते करते.

कार्यक्रमात गाणं सादर करताना नाव कुणाचं सांगायचं?

बहुतेक ठिकाणी एकट्या कारमायकल यांचं सांगतात. तुम्ही दोन्ही सांगा : कविता जेन ब्राउन थॉम्पसन, संगीत होगी कारमायकल. आधी जेन यांचं. मी घरीसुद्धा गाणं लावायच्या आधी ते पूर्ण नाव मोठ्याने घेतो आणि मग सुरू करतो.